इंटरफेरॉन एकटं काहीच करत नाही, ते कळायला इतकी वर्षं का लागली

कोविडमध्ये इंटरफेरॉनचं, म्हणजे व्हायरस शिरल्यावर पेशी बाहेर सोडतात त्या प्रोटीनचं, नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं, पण हा शोध खूप जुना आहे. एक व्हायरस आधीच शरीरात असेल तर दुसरा कधीकधी नीट वाढत नाही हे १९३० च्या दशकातच दिसलं होतं, कारण मात्र कळत नव्हतं. १९५७ ला लंडनच्या मिल हिलमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांवर उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा व्हायरस टाकला, मग त्यातलं पाणी काढून नव्या तुकड्यांवर ओतलं तर तिथे जिवंत व्हायरस वाढेचना, त्या पाण्यात होतं ते हे इंटरफेरॉन. टोकियोत नागानो आणि कोजिमा यांना सशांमध्ये असंच काहीतरी १९५४ लाच सापडलं होतं, त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही, घ्यायला हवं.

पुढे गाडी अडली ती मालावर, कारण हे प्रोटीन मिळायचंच इतकं कमी. फिनलंडच्या कारी कँटेल यांनी वर्षानुवर्षं रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून ते काढलं आणि १९८० च्या आसपास त्याचा जीन क्लोन झाल्यावरच, म्हणजे त्या जीनच्या नकला जिवाणूंत घालून प्रोटीन बनवता आल्यावरच, ते भरपूर मिळायला लागलं.

पण खरी गंमत कळली १९९० च्या सुमारास, जेम्स डार्नेल, जॉर्ज स्टार्क, इयन कर या शास्त्रज्ञांच्या कामातून. इंटरफेरॉन व्हायरसला हातही लावत नाही, चोर शिरलेल्या घराने गल्लीला हाक मारावी तसं ते शेजारच्या पेशींना सावध करतं. पेशीवरच्या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रोटीनला) ते चिकटलं की आतली जॅक प्रोटीन्स जागी होतात, ती स्टॅट१ आणि स्टॅट२ या प्रोटीन्सना चालू करतात, ही जोडी आयआरएफ९ या तिसऱ्या प्रोटीनला घेऊन केंद्रकात जाते आणि शेकडो जीन्स सुरू होतात, मग व्हायरसशी लढणारी प्रोटीन्स कामाला लागतात, पीकेआर पेशीतलं प्रोटीन बनवणंच थांबवतं, आरएनेज एल व्हायरसचा आरएनए तोडतं, एमएक्स फ्लूला अडवतं. यातला एक दुवा तुटला तरी सगळी साखळी ढिली पडते, आणि व्हायरस नेमके हेच दुवे तोडतात.

२०२० मध्ये तर गंभीर कोविडच्या ९८७ पेशंटपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडीज सापडल्या, त्यातले ९५ पुरुष होते.