शॉकअप आणि अर्थिंग: जुन्या आल्टोचं भौतिकशास्त्र

काकांनी नवी एसयूव्ही घेतली की जुनी आल्टो पुतणीच्या दारात येऊन उभी राहते. एक्स्चेंजमध्ये मिळतील त्या चार पैशांपेक्षा घरातल्या कुणाचा तरी हात साफ होईल, असा त्यामागचा विचार. २००० साली भारतात आलेली आल्टो आणि तिच्या आधीच्या मारुती ८००, झेन, सँट्रो या गाड्या आपल्याकडे बऱ्याचदा अशाच घरातल्या घरात हात बदलत आल्या आहेत. गाडीबरोबर दोन वाक्यंही वारसाहक्काने येतात. एक, ‘शॉकअप गेलेत, गाडीला वजन पेलवत नाही.’ दुसरं, ‘सकाळी सेल्फ घेत नाही, बॅटरी टाकावी लागणार.’ यातलं पहिलं वाक्य विज्ञानाच्या दृष्टीने साफ चूक आहे, आणि दुसरं बऱ्याचदा चूक निघतं.

हे दोन्ही बिघाड मी एकाच लेखात घेतोय, कारण मुळाशी दोन्हींची गोष्ट एकच आहे. गाडीत काही जागी रोध मुद्दाम बसवलेला असतो आणि काही जागी तो जवळजवळ शून्य असावा लागतो. गाडी जुनी होते तेव्हा पहिल्या जागचा रोध झिजून जातो आणि दुसऱ्या जागी तो साचत जातो.

आधी शॉकअप. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाहीत, ते काम स्प्रिंगचं. शॉकअप काढून नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तरी ती जवळपास त्याच उंचीवर उभी राहील. प्रश्न उभं राहण्याचा नसून थांबण्याचा आहे. गाडीच्या वजनाखाली स्प्रिंग साधारण १५ सेंटिमीटर दबलेली असेल असं धरू. मग शाळेतल्याच सूत्राने, गुरुत्वत्वरणाला त्या दबण्याने भागून, वर्गमूळ काढून २π ने भागलं, की उत्तर येतं सेकंदाला सुमारे १.३ हेलकावे. या गणितात गाडीचं वस्तुमान कुठेच वेगळं घालावं लागत नाही, हे मला दर वेळी सुंदर वाटतं. स्प्रिंग किती दबली यातच ते आलेलं असतं. १.३ हर्ट्झची निवडही विचारपूर्वक केलेली असते. बसलेल्या माणसाच्या धडाला ४ ते ८ हर्ट्झचे उभे हादरे सर्वांत जास्त त्रास देतात, आणि अर्ध्या हर्ट्झच्या खालच्या संथ डुलण्याने मळमळायला लागतं. या दोन्हींच्या मधली जागा शोधून स्प्रिंग ठरवतात.

पण नुसती स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते, संपवत नाही. एका खड्ड्यानंतर गाडी डुलतच राहील. ती ऊर्जा संपवण्यासाठी शॉकअप लागतो. त्याच्या नळकांड्यात तेल असतं, आत दट्ट्या, आणि दट्ट्यात बारीक छिद्रं व पोलादी चकत्यांच्या झडपा. इंजेक्शनच्या सिरिंजमधलं पाणी हळू ढकललं तर सहज जातं, जोरात ढकललं तर अंगठा अडतो. शॉकअप नेमकं हेच करतो, म्हणजे वेग जास्त तर विरोध जास्त. नुसतं छिद्र असतं तर विरोध वेगाच्या वर्गाने वाढला असता आणि मोठ्या खड्ड्यात शॉकअप दगडासारखा घट्ट झाला असता. म्हणून झडपा दाबाप्रमाणे वाकून वाट मोठी करतात. हेलकाव्याची ऊर्जा तेलाच्या उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपच्या नळकांड्याला जपून हात लावून पाहा, तो कोमट लागतो. खड्ड्यात खाल्लेला हिसका तिथे उष्णता होऊन बसलेला असतो.

आता थोडं गणित, ज्याला नको त्याने हा परिच्छेद ओलांडावा. हेलकावा किती लवकर विझतो हे अवमंदन गुणोत्तर सांगतं. शॉकअपचा रोध भागिले स्प्रिंगचा ताठपणा आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाची दुप्पट, असं ते निघतं. गुणोत्तर १ असेल तर गाडी अजिबात न डुलता जागेवर येते, पण तेवढा कडक शॉकअप प्रत्येक खडा पाठीत पोचवतो. म्हणून साध्या गाडीत ते ०.३ च्या आसपास ठेवतात. ०.३ असताना एका पूर्ण हेलकाव्यानंतर उंचीचा फक्त १४ टक्के भाग उरतो. तेल गळून ते ०.०५ वर आलं तर ७३ टक्के उरतो. चांगला शॉकअप जे एका हेलकाव्यात करतो, त्याला या गाडीला सहाहून जास्त हेलकावे लागतात. त्यात रस्ता दर १० मीटरला वरखाली होत असेल, तर ताशी ४७ किलोमीटरला बरोबर १.३ हर्ट्झचे धक्के मिळतात. अनुनाद होतो आणि गाडी होडीसारखी चालायला लागते. चाकाची स्वतःची उडी याहून वेगवान, सेकंदाला १० ते १५ वेळा. ती विझली नाही तर टायर क्षणोक्षणी रस्ता सोडतो. ब्रेक लागायला अंतर वाढतं ते यामुळेच, आणि टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडतात तेही यामुळेच.

आल्टोच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात मांडलेली ही रचना स्वस्त आणि आटोपशीर आहे, पण तिच्यात शॉकअप हा चाकाला उभं धरणारा खांबही असतो. वळणावर आणि ब्रेक लावताना त्याच्या दांड्यावर आडवा जोर येतो, सील एका बाजूने घासतं, त्यात धूळ जाते आणि तेल पाझरू लागतं. नळकांड्यावर वरून खाली उतरलेला काळा, धूळ चिकटलेला ओला पट्टा दिसला तर समजावं. बोनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही.

खडखड आवाज मात्र बहुतेक वेळा शॉकअपचा नसतो. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, वरचं माउंटिंग यांचं रबर उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने तडकतं आणि लोखंडाला लोखंड लागतं. शॉकअप बदलूनही आवाज राहतो तो यामुळे. आणि स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवून ‘शॉकअप नव्यासारखे, गाडीही उचलली जाते’ असं सांगणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावं. बफर स्प्रिंगला ताठ करतो. वरच्या सूत्रात ताठपणा छेदात आहे, म्हणजे शॉकअप तोच राहून अवमंदन उलट कमी होतं. गाडी उचलल्यासारखी दिसते, पण धरून ठेवायला आणखी अवघड होते.

आता माझ्या आवडीचा भाग, अर्थिंग.

गाडीत प्रत्येक दिव्याला येणारी एकच वायर असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक एका जाड वायरने बॉडीला आणि इंजिनला बोल्टने जोडलेलं असतं, यालाच गाडीचा अर्थ म्हणतात. सेल्फ, हेडलाइट, हॉर्न, सगळ्यांचा प्रवाह शेवटी या दोन-तीन बोल्टांवरून घरी येतो. आपल्याला दिसतं की लग (वायरीच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची चकती) आणि पत्रा पूर्ण टेकले आहेत. सूक्ष्म पातळीवर दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात आणि फक्त काही उंचवटे एकमेकांना लागलेले असतात. दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी किरकोळ भाग खरा संपर्कात असतो आणि सगळा प्रवाह त्या ठिपक्यांतून दाटीने जातो. बोल्ट आवळला की उंचवटे चपटे होऊन ठिपके मोठे होतात. म्हणजे बोल्टचा घट्टपणा हा थेट विद्युत गुणधर्म आहे. मग पावसाळा येतो, रत्नागिरी-मालवणकडे असाल तर खारं वारंही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो दोन पृष्ठभागांना आतून दूर रेटतो, आणि वर तो वाहकही वाईट. रोध वाढला की जोड तापतो, तापला की जास्त गंजतो आणि ढिला होतो.

किती वाढला तर बिघडतं? समजा ०.०२ ओहम, म्हणजे एका ओहमचा पन्नासावा भाग. आतला छोटा दिवा ५ वॅटचा, ०.४ अँपिअर घेतो. ओहमच्या नियमाने या जोडावर ०.००८ व्होल्ट गळतात. दिवा लख्ख. पण सेल्फ मारताना १०० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, तेव्हा त्याच जोडावर २ व्होल्ट गळतात आणि २०० वॅट उष्णता होते. सेल्फच्या ओझ्याखाली बॅटरी आधीच १०.५ व्होल्टपर्यंत उतरलेली असते, त्यातले सेल्फला मिळतात साडेआठ. मग नुसतं ‘टक’ होतं. ‘दिवे तर लागतायत, म्हणजे वायरिंग ठीक, बॅटरीच गेली’ हा निष्कर्ष इथेच फसतो. दिव्याने त्या जोडाची परीक्षा घेतलेलीच नसते.

मल्टिमीटर ओहमवर लावूनही हा दोष सापडत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध याहून जास्त असतो. गाडीला तिच्या ओझ्याखाली तपासावं लागतं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावं. ०.२ च्या आत आकडा आला तर अर्थ निर्दोष. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर बॅटरीचे पैसे खिशातच ठेवावेत.

मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये याहून नवल दिसतं. तिथे ब्रेक, टेल आणि इंडिकेटर या सगळ्यांना मिळून एकच अर्थ वायर असते. ती तुटली किंवा गंजली की बल्बमधल्या ब्रेकच्या तारेतून (फिलामेंटमधून) आलेल्या प्रवाहाला परतीची वाट राहत नाही. पण त्याच बल्बमध्ये टेलची तार आहे. प्रवाह तिच्यातून उलटा शिरतो, टेलच्या वायरीने पुढे जातो, आणि त्या वायरीवरचे दुसरीकडचे दिवे, नंबरप्लेटचा, डॅशबोर्डचा, यांच्या अर्थमधून बाहेर पडतो. ब्रेक दाबला की डॅशबोर्ड मंद उजळतो आणि मागचा ब्रेकदिवा मात्र पेटत नाही. हिशेबही जुळतो. २१ वॅटच्या तारेचा तापलेला रोध सुमारे ७ ओहम, ५ वॅटच्या तारेचा सुमारे २९. दोन्ही एकापुढे एक आल्या की बहुतेक व्होल्टेज ५ वॅटची तार घेते.

अशा गाड्यांबद्दल घरात म्हणतात, ‘ही गाडी आपल्याला लाभत नाही.’ कधी सुरू होते, कधी नाही, ब्रेक दाबला तर भलताच दिवा लागतो, म्हणून कुणी काचेला काळी बाहुली बांधतं, कुणी गाडी काढून टाकतं. अधूनमधून येणारा दोष गूढ वाटतो, पण गंजलेला जोड थंडीत आकसतो, उन्हात पसरतो, दमट हवेत ओला होतो आणि हादऱ्याने हलतो, एवढंच त्याचं गूढ. ज्या गाडीला ‘लाभत नाही’ म्हणून घराबाहेर काढलं, ती बऱ्याचदा एका दहा नंबरच्या पान्याने बरी झाली असती. लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायच्या ‘मायलेज वाढवणाऱ्या’ डब्याही याच पंक्तीतल्या. त्यांना इंजिनच्या ज्वलनापर्यंत पोचायची वाटच नाही.

मंद हेडलाइटचंही कारण पुष्कळदा हेच. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. दहा टक्के व्होल्ट वाटेत गळले तर प्रकाश तीस टक्के जातो. त्यावर १०० वॅटचा बल्ब लावला तर प्रवाह वाढतो, गळतीही वाढते आणि जुना स्विच व कनेक्टर वितळायला लागतात. अर्थ साफ करून रिले (मोठा प्रवाह जुन्या स्विचमधून न नेता बॅटरीतून थेट देणारा विजेचा स्विच) बसवला की ६० वॅटचाच बल्ब पुरतो.

दुरुस्ती साधी आहे. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढावं. अर्थचा बोल्ट उघडून लग आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने पांढरी चकाकी येईपर्यंत घासावेत, घट्ट आवळावं आणि मग बाहेरून व्हॅसलिन फासावं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने निघते. शॉकअप मात्र घरी काढायचं काम नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला जायबंदी करण्याइतकी ऊर्जा असते, स्ट्रटचं वरचं नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कुणीही उघडू नये. बदलताना पुढची किंवा मागची जोडी एकत्र बदलावी.

दोन्ही कामं काढली असतील तर आधी शॉकअप आणि बुश करून घ्यावेत. न विझणारे हादरे प्रत्येक कनेक्टरला केसाएवढं घासत राहतात आणि ताजा साफ केलेला जोड पुन्हा ढिला करतात. त्यानंतर अर्थ. आणि दर वर्षी पाऊस संपला की मीटर लावून तो आकडा पुन्हा एकदा बघावा.