धनराजचा दुसरा स्प्रिंट

परवा मैदानावर हॉकीची पोरं सरांशी वाद घालत होती, आम्ही फॉरवर्ड आहोत, आम्हाला स्पीड पाहिजे, मग हे लांबलांब राऊंड कशाला? सर म्हणाले, स्टॅमिनासाठी, आणि विषय तिथेच संपला. मला राहवत नाहीये म्हणून लिहितोय, कारण याचं उत्तर फार भारी आहे.

आपल्या पुण्यातल्या खडकीचा फॉरवर्ड धनराज पिल्ले घ्या. १९८९ ते २००४ भारताकडून खेळला, ३३९ मॅचेस, चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप, आणि १९९८ ला बँकॉकला त्याच्याच कॅप्टनशिपखाली एशियाडचं गोल्ड. सगळ्यांना आठवतो तो त्याचा वेग. पण नुसता वेग बऱ्याच जणांकडे असतो हो, तो ७० मिनिटांच्या मॅचच्या ६५व्या मिनिटालाही तसाच सुटायचा, खरी गंमत त्यात आहे.

स्नायू चालतो एटीपीवर, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या रेणूवर, हे शाळेत शिकलोय. पण स्नायूत तयार एटीपी असतं जेमतेम दोन-तीन सेकंदांच्या स्प्रिंटपुरतं! मग फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे स्नायूतच साठवलेलं फॉस्फेट जोडलेलं क्रिएटिन, धावून येतं. एटीपी वापरलं की त्याचा एक फॉस्फेट सुटतो आणि उरतं एडीपी, फॉस्फोक्रिएटिन आपल्याकडचा फॉस्फेट त्या एडीपीला देऊन टाकतं की झालं परत एटीपी. क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम हे क्षणात करतं आणि याला ऑक्सिजन लागत नाही. पण हा साठाही जीव तोडून पळालं तर दहा-एक सेकंदात तळाला जातो. शिवाय पेशीत सुटे फॉस्फेट साचतात, ते स्नायू आखडवणाऱ्या दोन प्रथिनांची, मायोसिनची ॲक्टिनवरची, पकड ढिली करतात, स्नायूला आखडायचा इशारा देणाऱ्या कॅल्शियमच्या कामातही अडथळा आणतात, म्हणून पाय जड होतात. सगळं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडायची सवय आता सोडायला हवी, दुसऱ्या दिवशीची पायदुखीही त्याच्यामुळे नसते.

आता मुद्द्याची गोष्ट. रिकामं झालेलं क्रिएटिन परत भरायला मात्र ऑक्सिजन लागतो! मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, ऑक्सिजन वापरून एटीपी बनवतात आणि त्यातला फॉस्फेट क्रिएटिनवर परत चढवला जातो. साधारण अर्ध्या मिनिटात अर्धा साठा भरतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. म्हणजे पहिला स्प्रिंट ऑक्सिजनशिवाय निघतो पण दुसरा किती लवकर मारता येईल हे हृदय, केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया ठरवतात, आणि ते तयार होतात पोरांना कंटाळवाण्या वाटणाऱ्या त्या राऊंडमधूनच. तिशीनंतर स्नायूंतले वेगवान तंतू हळूहळू बारीक होतात, टॉप स्पीड घटतो, पण ही भरून काढायची क्षमता मेहनतीने बरीच टिकवता येते.

क्रिएटिनचे डबे विकणारे 'पावडर घ्या, चॅम्पियन व्हा' म्हणतात तेव्हा चीड येते. पावडरने साठा थोडा वाढतो हे खरंय, पण क्रिएटिन शरीर स्वतःही बनवतं, मांस-मासळीतूनही मिळतं, आणि चौदा वर्षांच्या पोराला डबा नाही, नीट जेवण आणि झोप पाहिजे.

धनराज आला तेव्हा ३५-३५ मिनिटांचे दोन हाफ असायचे आणि हवं तेव्हा आत-बाहेर करायची सोय नव्हती, रोलिंग सब्स्टिट्यूशन नव्वदच्या दशकात आलं. आता फॉरवर्ड काही मिनिटं जीव तोडून पळतो आणि बाहेर येतो. बघणाऱ्याला वाटतं दमला बिचारा, पण बेंचवर बसल्या बसल्या त्याच्या मांडीत फॉस्फेट परत क्रिएटिनवर चढत असतात.