आमच्या अहवालात ‘सुरक्षित’ हा शब्द का नसतो
वनौषधींचे नमुने तपासून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रबाळे एमआयडीसीतील आमच्या प्रयोगशाळेत चूर्ण, अर्क किंवा घनसत्त्वाचे नमुने घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण पावती हातात पडण्याआधीच विचारतात, की अहवालावर ‘सेफ’ असे लिहून मिळेल का. आम्ही तसे लिहून देत नाही, आणि हे ऐकून काही ग्राहक नाराज होतात, याचीही आम्हाला कल्पना आहे. म्हणूनच अहवालातून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हे येथे सविस्तर मांडत आहोत.

पहिले काम असते ओळख पटवण्याचे. शहापूर, मुरबाडकडून येणाऱ्या गुळवेलीचेच उदाहरण घ्या. ओल्या कांडीच्या सालीचा कागदासारखा पापुद्रा सुटतो आणि आडवा काप घेतला की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. तिच्याच कुळातील दुसऱ्या एका वेलीच्या खोडावर मात्र ठळक गाठी असतात. एकदा दोन्हींची भरड झाली, की अनुभवी माणसालाही त्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत. तेव्हा आम्ही पातळ थर दिलेल्या पट्टीवर तुमच्या नमुन्याच्या अर्काची बारीक रेघ ओढतो, शेजारी खात्रीच्या गुळवेलीची ओढतो आणि पट्टी द्रावकात उभी करतो. द्रावक वर चढत जातो तसे एकेक घटक आपापल्या उंचीवर थांबतात व अतिनील दिव्याखाली रंगीत पट्ट्यांसारखे उजळतात. खोडाच्या चूर्णात पाला दळला गेला असेल, तर हरितद्रव्याचे लाल पट्टे नको तितके ठळक दिसतात आणि भेसळ तेथेच उघडी पडते.

दुसरे काम जड धातूंचे. वनौषधींसाठी शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग, आर्सेनिकची ३, पाऱ्याची १ आणि कॅडमियमची ०.३ आहे. मागे एका ग्राहकाने आणलेले ब्राह्मीचे चूर्ण दिसायला देखणे आणि वासाला स्वच्छ होते. शिसे मात्र मर्यादेबाहेर निघाले. चौकशी केली तेव्हा पाला कारखान्यांमागच्या नाल्याकाठचा असल्याचे समजले. ब्राह्मी पाणथळ जागेत वाढते आणि त्या पाण्यातले धातू स्वतःत साठवते. माल कितीही धुतला तरी ते निघत नाहीत.

एवढे सगळे मर्यादेत असले, तरी ‘सुरक्षित’ म्हणता येत नाही, कारण ओळख आणि शुद्धता हे वनस्पतीचे गुण आहेत, तर सुरक्षितता ही वनस्पती, मात्रा आणि ती घेणारा माणूस या तिघांवर मिळून ठरते. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख चुकली असण्याची शक्यता पुढे केली. हा आक्षेप रास्तच होता. परंतु पुढच्या वर्षी देशातील अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि त्यांतील बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे आढळली. अशी प्रवृत्ती असलेल्या माणसाला अस्सल गुळवेलही बाधू शकते, आणि तो माणूस आमच्या पट्टीवर दिसत नाही.

सदाफुलीची गोष्ट याहून बोलकी आहे. ठाण्यातल्या कित्येक गॅलऱ्यांमध्ये ती फुललेली असते आणि ‘शुगर’साठी रोज सकाळी तिची पाने चावून खाणारे लोकही भेटतात. १९५० च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी याच समजुतीची परीक्षा घेण्यासाठी उंदरांना सदाफुलीचा अर्क दिला. साखर फारशी हलली नाही. पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातून विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे मिळाली, आणि विनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. हे औषध मज्जातंतूंना इजा करते, म्हणून ते मोजूनमापून शिरेतूनच आणि देखरेखीखाली दिले जाते. गॅलरीतल्या पानाला अशी मोजणी नसते.

अलीकडे काही उत्पादक आमच्याकडे ‘डॉकिंग रिपोर्ट’ मागतात. संगणकावर एखाद्या घटकाचा रेणू शरीरातील प्रथिनाच्या खाचेत कितपत बसतो, याचा तो अंदाज असतो. शंभर रेणूंपैकी आधी कोणते दहा तपासावेत, हे ठरवायला तो उपयोगी पडतो. त्यावरून वेष्टनावर दावा छापणे म्हणजे पत्रिका जुळली म्हणून संसार सुखाचा झाल्याचे जाहीर करण्यासारखे आहे. तोंडाने घ्यायच्या औषधाच्या रेणूचे वस्तुमान शक्यतो ५०० च्या आत असावे, असा एक ठोकताळा १९९७ पासून प्रचलित आहे. विनक्रिस्टिनचे ८०० हून अधिक आहे आणि ते तोंडाने देतही नाहीत, तरीही ते औषध आहेच. ठोकताळे दिशा दाखवतात. निकाल प्रत्यक्ष चाचणीतच लागतो.

हळद आणि मिरीच्या कॅप्सूल बनवणाऱ्यांनी पुढील बाब विशेष ध्यानात घ्यावी. बंगळुरूत १९९८ मध्ये झालेल्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर कर्क्युमिनचे रक्तातले शोषण २० पट वाढले, आणि हा आकडा तुमच्यापैकी अनेकांच्या जाहिरातीत असतो. मात्र ज्या विकरांना (एन्झाइम्सना) थोपवून पिपेरिन हे साधते, तीच विकरे इतर औषधांचाही निचरा करतात. फिट्सवरील फेनिटॉइन घेणाऱ्याच्या रक्तात त्या औषधाची पातळी यामुळे वाढू शकते, तेव्हा ‘इतर औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे’ ही ओळ वेष्टनावर ठळक अक्षरांत छापा.

नमुना देण्यापूर्वी

चूर्णासोबत त्याच मालाच्या न दळलेल्या कांड्या, मुळे किंवा पाने आणावीत. कोणत्या गावातून, कोणत्या महिन्यात आणि वनस्पतीचा कोणता भाग गोळा केला, हे चिठ्ठीवर लिहावे. पावसाळ्यात माल सावलीत, पण वारा खेळता ठेवून पूर्ण सुकवावा, कारण ओलसर पोत्यात धरलेली बुरशी नंतर वाळवून निघाली, तरी तिचे विष मालात राहते. आमच्या अहवालाचा आधार घेऊन मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करू नये. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने तिला मनाई आहे. तुमच्या ग्राहकाला उत्पादन घेतल्यानंतर कावीळ, पुरळ किंवा अन्य त्रास झाला, तर त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवावे, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे आणि त्या बॅचची उरलेली एक बाटली सील न तोडता आमच्याकडे आणावी.