लॅमेटा थर (नागपूर परिसर)

दख्खनच्या लाव्ह्याखाली सापडणारे चुनखडक, वालुकाश्म आणि लाल-हिरव्या चिकणमातीचे जीवाश्मयुक्त थर. काळ क्रिटेशसचा, म्हणजे डायनासोर युगाच्या अखेरच्या कालखंडाचा, शेवट, सुमारे 7 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. जबलपूरजवळ नर्मदेवर असलेल्या लॅमेटा घाटावरून हे नाव पडले. विदर्भात काळ्या पाषाणाची (बेसाल्टची) कड जिथे संपते तिथे ते उघडे पडतात. नांद-डोंगरगाव पट्टा त्यांत सर्वांत समृद्ध.

या जीवाश्मांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते 1845 मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. त्यांनी टाकळीला गोळा केलेले शंख-बिया मात्र लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधल्या थरांतले, म्हणजे लॅमेटानंतरचे. या दोन थरांची गल्लत आजही होते. डोंगरगावच्या (जि. चंद्रपूर) टेकडीत मिळालेल्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचे वर्णन 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. 2003 पासून तो इसिसॉरस या नावाने ओळखला जातो.

वरोऱ्याकडील पिसदुऱ्याचे महत्त्व मात्र हाडांपेक्षा मोठे आहे. तिथल्या लाल मातीत डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा सुटी पडलेली मिळते. तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण असल्याचे 2005 मध्ये दाखवले गेले, त्यांत भाताच्या कुळाशी नाते सांगणारेही होते. गवत डायनासोरांनंतर आले, हा समज त्याने मोडला.

या थरांचा बराच भाग मुळात जमीनच होता. चिकणमातीचे ढेकूळ फोडले की आत गुळगुळीत, ओरखडे उठलेले तिरपे पृष्ठभाग दिसतात. ओल धरून फुगणारी आणि सुकून भेगाळणारी माती स्वतःवरच घासली की असे पृष्ठभाग तयार होतात. विदर्भातल्या आजच्या काळ्या जमिनीतही ते खोलवर आढळतात. चुन्याच्या गाठी त्या काळच्या कोरड्या ऋतूंची साक्ष देतात.

आज हेच थर झिजून पुन्हा जमीन होते. चिकण थरावर भारी, पाणी धरून ठेवणारी माती बनते, तर चुनखडकावर उथळ, फिकट आणि चुनखडे मिसळलेली. पण वरच्या उतारावरून बेसाल्टची काळी माती वाहून येते आणि दोन्ही एकमेकींत मिसळतात. त्यामुळे केवळ रंग पाहून जमीन ओळखता येत नाही. संत्र्याच्या बागेसाठी तर खड्डा खणून चुनखडीचा थर किती खाली आहे हे आधी पाहावेच. चुना जास्त असला की झाडाला लोह घेता येत नाही, शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात.