ओढ्याची तब्येत कळायला दगड उलटा करून बघा

ओढ्याचं पाणी बाटलीत भरून लॅबला पाठवलं, रिपोर्ट नॉर्मल आला की बऱ्याच जणांना वाटतं, झालं, पाणलोट ठणठणीत आहे. पण रिपोर्टमध्ये कळतं ते बाटली भरली त्या क्षणाचं. आदल्या रात्री कोणी काही सोडलं असेल तर ते केव्हाच पुढे वाहून गेलेलं असतं, आणि लहान पाणलोटात तर सगळंच पटपट होतं, पाऊस पडला की थोड्याच वेळात पाणी चढतं, गढूळ होतं आणि उतरतंही.

म्हणून ओढ्यांची तब्येत तपासणारी माणसं पाण्यातला दगड उचलून खालची बाजू बघतात. तिथे मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याची पिल्लं असतात, बहुतेकांना तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले. स्टोनफ्लाय हा असाच दुसरा किडा, त्याच्या पिल्लांना शेपट्या दोनच. तिसरा किडा कॅडिसफ्लाय, त्याची अळी तर भारीच, वाळूचे कण रेशमाने चिकटवून स्वतःभोवती नळी बांधून त्यातच राहते (सगळ्या जाती बांधत नाहीत, पण बऱ्याच बांधतात). या तिघांना साधारणपणे स्वच्छ आणि भरपूर ऑक्सिजनवालं पाणी लागतं, आणि पंख फुटेपर्यंत कित्येक आठवडे, कधी वर्षभरसुद्धा ते पाण्यातच असतात, त्यामुळे मधल्या काळात काही वाईट घडलं असेल तर त्यांच्या संख्येवरून समजतं. तिघंही गायब आणि नुसत्या लाल अळ्या वळवळताना दिसल्या तर काहीतरी गडबड आहे. त्या अळ्यांत हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात.

किड्यांसारखंच माशांवरूनही ओढ्याला गुण देता येतात, ही पद्धत अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी 1981 मध्ये मांडली. पण तुलना कशाशी करतोय ते महत्त्वाचं, थंड डोंगरी ओढ्याची मापं सपाटीवरच्या संथ ओढ्याला लावली तर चांगला ओढाही नापास होणार.

आता किडे कमी का झाले याचं उत्तर बहुतेकदा पाण्यात नाही, वर जमिनीवर असतं. उघडा उतार, तोडलेली काठावरची झाडी, काँक्रीट. पाणलोटाचा साधारण 10 टक्के भाग पाणी न मुरणारा झाला की ओढा बिघडायला लागतो असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय, काही ठिकाणी त्याच्याही आधी. दगडांमधल्या फटी मातीने बुजल्या असतील तर नुसता गाळ काढून उपयोग नाही, वरची धूप थांबली नाही तर पुढच्या पावसात परत तेच.

आणि पैसा कमी असेल तर माझ्या मते पूर्ण बिघडलेल्या पाणलोटावर सगळा ओतण्याआधी जो अजून बरा आहे तो राखावा, कारण शेजारचा ओढा पुढे सुधारलाच तर तिथे किडे उडत येणार ते इथूनच.