ऑस्ट्रोनेशियन स्थलांतर

तैवानमधून सुमारे ५,००० वर्षांपूर्वी सुरू झालेला आणि पश्चिमेला मादागास्कर, पूर्वेला ईस्टर बेटापर्यंत पोचलेला दर्यावर्दी शेतकरी समाजांचा विस्तार. त्यांच्या ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलात आज १,२००च्या आसपास भाषा मोडतात. मलाय, जावानीज, तागालोग, मालागासी, माओरी, हवाईयन या त्यांतल्या काही.

या प्रवासाची लेखी नोंद नाही. मूळ सापडले ते भाषांच्या तुलनेतून. ‘डोळा’ला मलाय, तागालोग आणि माओरीत ‘माता’, हवाईयनमध्ये ‘माका’, तर मालागासीत ‘मासो’ म्हणतात. ‘पाच’ला मलायमध्ये ‘लिमा’, माओरीत ‘रिमा’, मालागासीत ‘दिमी’. हवाईयनमधला ‘त’चा ‘क’ एकाच शब्दापुरता नाही, शब्दामागून शब्दात तसाच भेटतो. असा नियमित ध्वनिबदल योगायोगाने होत नाही.

उगम तैवानचाच का? भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात कुलाच्या दहा मुख्य शाखा आहेत आणि त्यांपैकी नऊ एकट्या तैवानात. मादागास्करपासून हवाईपर्यंतच्या बाकी सगळ्या भाषा दहाव्या, मलायो-पॉलिनेशियन शाखेत बसतात. शाखांच्या संख्येवर वाद आहे. पण जिथे फाटे जास्त, तिथे वस्ती जुनी, हा तर्क बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

फिलिपीन्समार्गे हे लोक न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क द्वीपसमूहात आले. तिथे ३,००० वर्षांहून आधी दातेरी ठशांची नक्षी असलेली लापिता मृद्भांडी दिसू लागतात आणि काही शतकांतच ती टोंगा-सामोआपर्यंत आढळतात. उलांडीच्या (तोल राखायला बाजूला लाकूड जोडलेल्या) होड्यांतून डुकरे, कोंबड्या, अळू आणि सुरणाच्या जातीचे कंदही गेले. त्यानंतर विस्तारात मोठा खंड पडला. न्यूझीलंडमध्ये वस्ती झाली ती तेराव्या शतकाच्या सुमारास.

मादागास्करची गोष्ट सर्वांत चकित करणारी. आफ्रिकेचा किनारा जेमतेम ४०० किमीवर, पण मालागासीची जवळची नातलग म्हणजे दक्षिण बोर्निओत बारितो नदीच्या खोऱ्यातली मान्यान भाषा. नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ ओटो दाल यांनी १९५१ मध्ये हे नाते दाखवून दिले. मालागासी लोकांच्या वंशात मात्र आफ्रिकेचा वाटाही मोठा आहे.

भाषांचा वंशवृक्ष तोच माणसांचा, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही. प्रशांत महासागरातील वानुआतू बेटांवरच्या तेओउमा दफनभूमीतल्या सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांच्या डीएनएत पापुअन (न्यू गिनी परिसरातल्या आधीच्या रहिवाशांचा) अंश जवळजवळ नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. आजच्या वानुआतूवासीयांत तोच अंश प्रमुख आहे, आणि तरीही तिथल्या शंभराहून अधिक देशी भाषा ऑस्ट्रोनेशियनच आहेत.