ओळखीचा वाटणारा वाक्प्रचारच फसवतो

हिंजवडीतल्या एखाद्या मीटिंगमध्ये कुणी 'ॲट द एंड ऑफ द डे' म्हणालं, की मुरलेल्या मंडळींना त्यात 'शेवटी काय, तर' एवढंच ऐकू येतं. मराठी माध्यमातून शिकून नुकत्याच रुजू झालेल्या मुलीला मात्र 'आज संध्याकाळपर्यंत' असं ऐकू येऊ शकतं, आणि मग ती सातच्या बसवर पाणी सोडून काम उरकत बसते. 'हिचं इंग्रजी कच्चं आहे' हा शेरा लगेच तयार असतो. मला तो साफ अमान्य आहे. अशा वेळी डोक्यात काय चालतं, हे संशोधकांनी मोजून पाहिलेलं आहे.

वाचताना आपली नजर ओळीवरून सलग सरकत नाही. ती उड्या मारते आणि मध्ये मध्ये साधारण 200 ते 250 मिलिसेकंद थांबते. कुठे किती थांबली, हे कॅमेऱ्याने टिपता येतं. ॲना सियानोव्हा-चांतुरिया, कॅथी कॉन्क्लिन आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याच पद्धतीने इंग्रजी वाक्प्रचार वाचून घेतले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांची नजर वाक्प्रचारांवरून झपाट्याने पुढे गेली. इंग्रजी नंतर शिकलेल्यांना असा काही वेग मिळाला नाही. उलट तोच वाक्प्रचार लाक्षणिक अर्थाने आला, तर शब्दशः अर्थापेक्षा त्यांना जास्त वेळ लागला. म्हणजे शिकणाऱ्याचं डोकं आधी एकेका शब्दाचा प्रामाणिक अर्थ लावतं.

मातृभाषेत हे कष्ट पडत नाहीत. डेव्हिड स्विनी आणि ॲन कटलर यांनी 1979 साली मांडलं, की वाक्प्रचार आपल्या स्मरणात एखाद्या लांबलचक शब्दासारखा अख्खाच साठवलेला असतो. पुढे या मताला बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ निरीक्षण टिकून आहे. 'त्याने माझ्या तोंडाला पानं पुसली' हे ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर पान येतं का? फसवणूकच येते, तीही थेट.

इथेच एक गंमतशीर आणि जरा अस्वस्थ करणारा शोध सांगायला हवा. बोआझ कायसर आणि ब्रिजेट ब्लाय यांनी 1995 साली वापरातून गेलेले जुने इंग्रजी वाक्प्रचार निवडले. त्यातला एक होता 'द गूज हँग्ज हाय', शब्दशः 'हंस उंचावर टांगला आहे'. त्याचा मूळ अर्थ 'सगळं झकास चाललंय'. काही जणांना त्यांनी हा अर्थ शिकवला आणि काहींना नेमका उलटा, म्हणजे 'लक्षणं काही ठीक नाहीत'. नंतर विचारलं, तर दोन्ही गटांना आपण शिकलेला अर्थच शब्दांना शोभून दिसतो असं वाटलं. शिवाय पहिल्यांदाच ऐकणारा माणूसही तोच अर्थ लावेल, अशी त्यांची खात्री होती. अर्थ कळला की तो शब्दांमध्ये आधीपासूनच दिसत होता असं वाटू लागतं. 'एवढं साधं कळत नाही?' असं म्हणणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा प्रयोग ध्यानात ठेवावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्या शिक्षकाला दिसणारा सोपेपणा अर्थ माहीत झाल्यानंतरचा आहे. इंग्रजीच्या घरातही हे घडतं. लंडनचा क्लायंट एखादा मुद्दा 'टेबल' करू म्हणतो तेव्हा तो चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकेतला म्हणतो तेव्हा बाजूला ठेवायचा असतो. दोघांनाही आपलाच अर्थ उघड वाटतो.

मग मराठी माणसाची पंचाईत नेमकी कुठे होते? सुझान इरुजो यांनी 1986 साली व्हेनेझुएलातल्या, इंग्रजी उत्तम येणाऱ्या स्पॅनिशभाषकांची परीक्षा घेतली. दोन्ही भाषांत जसेच्या तसे असणारे वाक्प्रचार त्यांना सर्वांत सोपे गेले. अगदी वेगळे असणारे कठीण गेले. पण मातृभाषेची लुडबुड सर्वाधिक झाली ती थोडाच फरक असलेल्या वाक्प्रचारांत, तेही स्वतः वापरताना. आपलं तसंच होतं. 'डोळ्यांत धूळ फेकणे' इंग्रजीतही तसंच आहे, म्हणून अडत नाही. 'आगीत तेल ओतणे' मात्र इंग्रजीत 'फ्यूएल' मागतं, आणि आपण हमखास 'ऑइल' ओततो. तेवढ्याने काही बिघडत नाही, समोरच्याला कळतं.

खरा धोका, माझ्या मते, रूप तेच आणि अर्थ निराळा असतो तेव्हा. 'आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग' म्हणजे 'मी नुसती थट्टा करत होतो'. मराठीत पाय ओढणारा माणूस सहकाऱ्याची बढती अडवत असतो! 'वॉशिंग माय हँड्स ऑफ इट' म्हणजे जबाबदारी झटकणे. आपल्याकडे मात्र वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले जातात, म्हणजे संधीचा फायदा उठवला जातो. अनोळखी वाक्प्रचार ऐकला की आपण निदान विचारतो. ओळखीचा वाटला की विचारायचं मनातच येत नाही.

अशा वेळी मूळ प्रसंग माहीत असेल तर फार मदत होते. बेल्जियममध्ये फ्रँक बोअर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वाक्प्रचार कुठून आला ते कळलं की तो चांगला लक्षात राहतो. शब्दाबरोबर चित्रही साठवलं जातं, हे त्याचं एक कारण. बायबलमध्ये रोमन सुभेदार पिलात येशूला मृत्युदंडासाठी सोपवताना जमावासमोर पाण्याने हात धुतो आणि 'याच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही' असं सांगतो. हे दृश्य एकदा पाहिलं की वाहती गंगा आड येत नाही. पुणेकरांना हे वेगळं पटवून द्यायला नको. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं ही कथा इतिहासाच्या कसोटीला उतरो न उतरो, 'ध चा मा करणे' ती ऐकलेल्या पोराला जन्मभर पाठ होतं.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांसाठी वाक्प्रचारांच्या लांबच लांब याद्या घोकल्या जातात. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. थॉमस कूपर यांनी 1999 साली परभाषिक विद्यार्थ्यांना विचार मोठ्याने बोलत अर्थ लावायला सांगितलं होतं. तेव्हा मागच्यापुढच्या संदर्भावरून केलेला अंदाजच सर्वांत जास्त वापरला गेला आणि सर्वांत जास्त वेळा बरोबर आला. घोकायच्या यादीत नेमका हा संदर्भच नसतो. म्हणून वहीत 'पुल समवन्स लेग'च्या शेजारी 'थट्टा करणे. पाय ओढणे नव्हे' असं ठळक लिहावं, आणि ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य, कोण कुणाला म्हणालं त्यासकट, खाली पूर्ण उतरवून घ्यावं.